कट मारून गेला, लागलं नाही, मग तक्रार कशाची?

वाचकांचे प्रश्न : सायकल आणि रस्ता

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये एकच तक्रार नागपूर शहराच्या वेगवेगळ्या भागांतून आलीय, गाडीवाले अंगाला घासून ओव्हरटेक करतात ही. एका टॅक्सीवाल्या दादांचं उलट बाजूचं पत्रही आलंय आणि ते मुद्दाम घेतलंय, कारण त्याला नीट उत्तर देणं मला सगळ्यात गरजेचं वाटलं. कोणाचंही नाव छापलेलं नाही, फक्त भाग दिलाय.

प्रश्न : ताई, मी त्रिमूर्तीनगरला राहते आणि सिव्हिल लाइन्समध्ये नोकरीला आहे, सायकलनंच जाते-येते. मी एकदम डाव्या कडेनं, हळू चालवते तरी रोज कोणी ना कोणी कट मारून जातंच. मागच्या आठवड्यात शंकरनगरच्या पुढं एका कारचा आरसा माझ्या कोपराला लागला, मी पडले नाही पण किती तरी वेळ हात थरथरत होते, कारवाला थांबलाही नाही. घरी सांगितलं तर मिस्टर म्हणाले सोड ना ती सायकल, गाडी घे, आणि ओळखीतल्या एका पोलिसांना विचारलं तर ते म्हणाले लागलं नाही ना जास्त, मग तक्रार कशाची करता. मला विचारायचंय की गाडीनं सायकलपासून किती लांबून जायला पाहिजे असा काही नियम आहे का, आणि असं होऊ नये म्हणून मी काय करू? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : ताई, आरसा कोपराला लागला म्हणजे गाडी तुम्हाला लागली, त्यात जास्त लागलं की कमी हा प्रश्नच येत नाही. तुम्ही घाबरलात ते बरोबरच आहे. तोच आरसा कोपराऐवजी हँडलला लागला असता तर तुम्ही उजवीकडं, म्हणजे त्याच कारच्या मागच्या चाकाकडं पडला असता. "लागलं नाही ना" हे वाक्य मला फार वेळा ऐकायला मिळतं आणि दर वेळी राग येतो, कारण त्यात गाडीवाल्यानं काय केलं हे कोणी बघतच नाही, फक्त सायकलवाला वाचला एवढंच बघतात.

आधी नियमाचं सांगते. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सायकलपासून इतके मीटर असा आकडा नाही. पण म्हणून मोकळं रान आहे असं नाही. ओव्हरटेक करताना बाकीच्यांना धोका होणार असेल तर करायचाच नाही हे आपल्या वाहतुकीच्या नियमांत आधीपासून आहे. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलमात, कोणत्या गोष्टी धोकादायक धरायच्या त्याची यादीच दिली, सिग्नल तोडणं, हातात मोबाइल घेऊन चालवणं, राँग साइड, आणि त्यातच नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणं. पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा दोन्ही. कोणी जखमी व्हायलाच पाहिजे अशी अट तिथं नाही, त्यामुळं पुढच्या वेळी कोणी "तक्रार कशाची" म्हणालं तर १८४ म्हणून सांगा.

बाहेरच्या देशांत मात्र सरळ आकडेच घालून दिलेत. जर्मनीत २०२० पासून गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर, फ्रान्समध्ये गावात एक आणि बाहेर दीड, ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून ताशी ३० मैलांपर्यंत कमीत कमी दीड मीटर आणि त्यापेक्षा स्पीड जास्त असला तर आणखी लांबून. म्हणजे दीड मीटर हा आकडा कोणाच्या मनात आला म्हणून नाही, बऱ्याच ठिकाणी सगळे त्याच्याच आसपास पोचलेत.

आता दीड मीटर म्हणजे किती ते आपल्याच रस्त्यावर मोजून बघू, कारण इथंच सगळी गडबड आहे. मोठ्या रस्त्यावरची एक लेन साधारण साडेतीन मीटरची. तुमचं चाक कडेपासून पाऊण मीटरवर आहे असं धरा, कारण त्याच्या आत गट्टू (पेव्हर ब्लॉक), चेंबर नाहीतर वाळू असते. हँडल साठेक सेंटिमीटरचं, म्हणजे तुमचा उजवा हात कडेपासून १ मीटर ५ सेंटिमीटरवर. तिथून दीड मीटर सोडलं की झाले अडीचच्या वर. लेनमध्ये उरलं एक मीटरपेक्षाही कमी, आणि साधी कार पावणेदोन मीटर रुंद, आरसे वेगळेच, बस तर अडीच मीटरची. बसणारच नाही. म्हणजे सायकलला नीट ओव्हरटेक करायचा तर गाडीला शेजारच्या लेनमध्ये जावंच लागतं, आणि शेजारची लेन रिकामी नसेल तर तिनं मागं थांबावं लागतं, तिसरा रस्ता नाही. तुम्ही पार कडेला चिकटून, चाक एका फुटावर ठेवून चालवलं तरी हिशोब जमत नाही, करून बघा. पण कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं की निघेल गाडी यातून, आणि तो लेन न बदलता, स्पीड न कमी करता घुसवतो. तुम्ही "एकदम डाव्या कडेनं" चालवता म्हणता ना, तुमच्या त्रासाचं एक कारण हेच असू शकतं.

एवढी जागा लागते कशाला, सायकल तर सरळ रेषेत चालते, असं ज्यांनी बरीच वर्षं सायकल चालवलेली नाही त्यांना वाटतं. सायकल कधीच एकदम सरळ चालत नाही, पायडल मारताना थोडी इकडंतिकडं होतच राहते, हळू स्पीडला जास्तच. त्यात खड्डा आला की अर्धा मीटर बाजूला व्हावं लागतं आणि ते एका सेकंदाच्या आत होतं. ६० च्या स्पीडनं येणारी गाडी त्याच एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढं येते, तेवढ्यात ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पोचतसुद्धा नाही. मग वाचवणारं फक्त मधलं अंतर उरतं. आणि मोठ्या गाड्यांच्या हवेचं तर वेगळंच आहे, टिप्पर किंवा ट्रेलर जवळून जोरात गेला की आधी त्याच्या तोंडाची हवा तुम्हाला डावीकडं ढकलते आणि लगेच बाजूनं जाताना आत ओढते, तुम्ही पहिल्या धक्क्याला सावरायला उजवीकडं झुकलेले असता आणि तेवढ्यात ओढ लागते. अमरावती रोडनं वाडीच्या पुढं जे सायकलनं जातात त्यांना हे सांगायची गरज नाही.

तर तुम्ही काय करायचं. जिथं लेन अरुंद आहे, बाजूला गाड्या पार्क केलेल्या आहेत किंवा पुढं चौक येतोय, तिथं कडेपासून मीटरभर आत चालवा, म्हणजे मागच्याला आधीच कळतं की आता लेन बदलायला लागणार. आत येण्याआधी मान वळवून मागं बघा, नुसतं बघितलं तरी मागचा बरेचदा स्पीड कमी करतो, कारण त्याला समजतं की हा माणूस हलणार आहे. रस्ता मोकळा आणि रुंद झाला की परत डावीकडं व्हा. मात्र हे शहरातल्या ३०-४० च्या स्पीडच्या रस्त्यांसाठी सांगतेय, रिंग रोडवर किंवा हायवेवर ट्रक ८० नं येतात तिथं लेनमध्ये जाऊन बसू नका, तिथं पक्का शोल्डर, म्हणजे लेनच्या बाहेरची कडेची पट्टी, असेल तर तोच धरा आणि नसेल तर दुसरा रस्ता शोधा. तुमच्यासाठी प्रतापनगर, मग लक्ष्मीनगर-अभ्यंकरनगरच्या आतल्या गल्ल्या आणि पुढं महाराजबागेच्या बाजूनं असा रस्ता थोडा लांबचा पडेल पण त्यात कट मारणारे कमी भेटतील. आणि मिस्टरांना सांगा की मोपेडवालीलाही हेच लोक कट मारतात.

प्रश्न : ताई, मी टॅक्सी चालवतो. सायकलवाल्याची बाजू सगळेच घेतात, आमचं कोणी ऐकून नाही राहिलं. सायकलवाला रोडच्या मधातून चालला तर आम्ही काय त्याच्या मागं मागं जायचं का? हॉर्न मारला तरी साइड देत नाही. मधातच एकदम उजवीकडं येतात, न बघता वळून जातात. रोड टॅक्स आम्ही भरून राहिलो. कस्टमर घाई करते, मागचे हॉर्न वाजवतात. आम्ही काही मुद्दाम कट मारतो का? (हिंगणा रोड)

उत्तर : दादा, मुद्दाम मारणारे थोडेच असतात हे मला मान्य आहे, आणि न बघता वळणारे सायकलवाले आहेत हेही खरं, राँग साइडनं येणारे पण आहेत, त्यांना मी पाठीशी घालणार नाही. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला तुमच्यासोबत बसून बोलावीशी वाटते, सायकलवाला एकदम उजवीकडं का येतो ती.

आपले सिमेंट रोड बघा. मधला स्लॅब एका लेव्हलला आणि कडेचे गट्टू कुठं दोन-तीन बोटं खाली, कुठं वर, मधात फट. कारच्या चाकाला ते जाणवतही नाही, सायकलचं बारीक चाक त्या फटीत गेलं की माणूस आडवाच. म्हणून तो गट्टूवर उतरत नाही, तुम्ही कितीही हॉर्न मारा. मग चेंबर, काही खाली बसलेले काही वर आलेले, पावसाळ्यात तर त्यावर पाणी असलं की दिसतही नाहीत. मग धरमपेठ, सीताबर्डी, इतवारीकडं कडेला लावलेल्या कार, त्यातलं कोणाचं दार कधी उघडेल सांगता येत नाही, म्हणून शहाणा सायकलवाला त्यांच्यापासून दाराएवढं अंतर ठेवूनच जातो. तुम्हाला काचेतून मोकळी डावी बाजू दिसते, त्याला त्यात दहा अडचणी दिसतात. मागून हॉर्न मारला की तो दचकतो, दचकला की हँडल हलतं, आणि तेव्हाच तुम्ही बाजूनं निघत असता. हॉर्न मारायचाच असेल तर लांबून एकदा हळूच मारा, टेकून नको.

आता वेळेचा हिशोब. सायकल १५ च्या स्पीडनं चाललीय आणि तुम्ही ४० नं जाणार होता. पुढं १०० मीटरपर्यंत जागा नाही म्हणून तुम्ही मागं राहिलात, तर ते १०० मीटर जायला ९ सेकंदांऐवजी २४ सेकंद लागले. म्हणजे १५ सेकंद गेले. २०० मीटर मागं राहिलात तरी अर्धा मिनिट. आपल्या शहरात एका लाल सिग्नलला यापेक्षा जास्त थांबता तुम्ही, आणि बरेचदा कट मारून पुढं गेलेली गाडी पुढच्या चौकात सिग्नलला उभी असते आणि तोच सायकलवाला तिच्या बाजूला येऊन थांबतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलं असेल. या १५ सेकंदांसाठी समोरच्याचा जीव पणाला लावायचा नाही एवढंच माझं म्हणणं आहे, आणि कस्टमरला घाई असेल तर त्याला सांगा की मागं राहून जाऊ, तुम्ही ड्रायव्हर आहात, पायाखालचा ब्रेक तुमचा आहे.

रोड टॅक्स गाडीवरचा टॅक्स आहे, तो भरला म्हणून रस्ता फक्त गाडीवाल्यांचा होत नाही. शहरातले रस्ते सगळ्यांच्या पैशातून होतात, त्यात घरटॅक्स भरणारा सायकलवाला पण आला आणि दुकानात साबण घेताना जीएसटी भरणारी त्याची बायको पण आली. पहाटे पेपर टाकणारे, दूधवाले, हिंगणा एमआयडीसीत पाळीला जाणारे, बांधकामावरचे मजूर, यांच्यातले किती तरी जण अजून सायकलवर आहेत आणि त्यांना दुसरी गाडी परवडत नाही म्हणून आहेत. दुसरीकडं याच नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडणारी रॅम ही सायकल शर्यत एकट्यानं पूर्ण केली तेव्हा सगळ्या शहराला अभिमान वाटला. असा माणूस सरावाला निघतो तेव्हा त्याला पण ह्याच रस्त्यावरून जावं लागतं.

ओव्हरटेक कसा करायचा ते तुम्हाला मी सांगणं बरं नाही, पण दोनच गोष्टी लिहिते कारण त्या चांगल्या ड्रायव्हरकडूनही राहून जातात. एक, पुढं गेल्यावर लगेच डावीकडं येऊ नका, सायकलवाला आतल्या आरशात पूर्ण दिसल्यावरच या, नाहीतर पुढचा भाग सुटतो आणि मागचं चाक त्याला दाबतं. दोन, तुम्हाला पुढं डावीकडं वळायचंय किंवा सवारी घ्यायला थांबायचंय तर ओव्हरटेक करूच नका, त्याच्या मागंच राहा. ओव्हरटेक करून लगेच डावं वळण मारणं ह्यात सायकलवाल्याला ब्रेक मारायलाही जागा राहत नाही.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, देवनगरहून धरमपेठेत ट्यूशनला सायकलनं जाईन म्हणते. मला तिला अडवायचं नाही पण जीव घाबरतो. तिला काय काय शिकवू? (देवनगर)

उत्तर : अडवू नका हे मी पण म्हणेन, पण लगेच एकटीला सोडूही नका. पहिले काही दिवस तुम्ही किंवा घरातलं कोणी तिच्या मागं दुसऱ्या सायकलवर जा, पुढं नाही, मागं, म्हणजे ती काय करते ते दिसतं. रविवारी सकाळी रस्ते रिकामे असतात तेव्हा सुरुवात करा. सेमिनरी हिल्सकडं किंवा फुटाळ्याच्या रोडवर सकाळी बरेच सायकलवाले असतात, तिथं तिला मागं बघायला शिकवा. हे वाटतं तेवढं सोपं नाही, उजवीकडं मान वळवली की नवशिक्याची सायकल पण उजवीकडं जाते. मान वळली तरी हँडल सरळ राहिलं पाहिजे, हे हातात बसलं की निम्मं काम झालं. मग हात दाखवणं, वळायच्या बरंच आधी, वळताना नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी सगळ्या आयांना सांगते, बस आणि ट्रकच्या डाव्या बाजूनं कधीही घुसायचं नाही. सिग्नलला बस उभी असते, तिच्या आणि फूटपाथच्या मधात फट असते, मुलं त्यातून पुढं जातात. ड्रायव्हर उजवीकडं उंच बसलेला असतो, त्याला डाव्या कुशीतली सायकल दिसतच नाही, आणि बस डावीकडं वळली की तिची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, फट बंद होत जाते. तिथून निघायला जागा नसते. तिला एकदा उभ्या बसच्या ड्रायव्हरला विनंती करून त्याच्या सीटवर बसवता आलं तर बसवा, आरशातून काय दिसत नाही ते तिचं तिला कळेल. मागं थांबायचं, बस गेली की जायचं, ट्यूशनला दोन मिनिटं उशीर झाला तर सर रागावतील, रागावू देत.

कार पार्क केलेल्या असतील तर त्यांच्यापासून दाराएवढं लांब. आणि घरी तुमच्याकडं कार असेल तर तुम्ही पण दार उघडताना लांबच्या हातानं उघडायची सवय लावा, म्हणजे ड्रायव्हरनं डाव्या हातानं. तसं केलं की अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते.

उन्हाळ्यात आपल्याकडं मुली डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळतात, ४४-४५ च्या उन्हात दुसरा इलाज नाही हे खरंय, पण कानावर आणि डोळ्यांच्या कडेला तो घट्ट बांधला की मागची गाडी ऐकू येत नाही आणि बाजूचं दिसत नाही. पातळ सुती घ्या, कडेला सैल बांधा. कानात इअरफोन नाहीच. दप्तर हँडलला लटकवायचं नाही, पाठीवर किंवा कॅरिअरला. रस्ता लक्ष्मीनगर-बजाजनगरच्या आतून ठरवा आणि तोच ठेवा, रोज नवा शोधू देऊ नका.

प्रश्न : हेल्मेट घातलं, रिफ्लेक्टरचं जॅकेट घातलं तर गाडीवाले लांबून जातात का? (मनीषनगर)

उत्तर : नाही, तशी आशा ठेवू नका. ब्रिटनमध्ये बाथ विद्यापीठातल्या इयन वॉकर या अभ्यासकांनी २००६ मध्ये सायकलला सेन्सर लावून अडीच हजारच्या आसपास ओव्हरटेक मोजले तर हेल्मेट घातलेलं असताना गाड्या सरासरी थोड्या जवळूनच गेल्या. त्या निष्कर्षावर पुढं बराच वाद झाला, पण हेल्मेटमुळं अंतर वाढतं असं काही निघालं नाही. तरी हेल्मेट घालाच, ते डोकं आपटल्यावर कामाला येतं, गाडी लांब ठेवायला नाही. दिवे मात्र पाहिजेतच, मागं लाल आणि पुढं पांढरा, हिवाळ्यात पहाटे निघणाऱ्यांनी तर नक्कीच. बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड असतात, त्यांत रात्री दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट असल्याशिवाय पुढं जाऊच देत नाहीत, तो नियम आपण रोजच्यासाठी घ्यायला हरकत नाही. दिसणं ही तुमची जबाबदारी, दिसल्यावर लांबून जाणं ही त्याची.

प्रश्न : माझे वडील पहाटे पेपर टाकायला सायकलनं जातात. अमरावती रोडवर मागून एका गाडीनं कट मारला, हँडलला धक्का लागून ते पडले, पायाचं हाड मोडलं. गाडी पळून गेली, नंबर कोणीच बघितला नाही. नंबरच नाही तर केस करून काय फायदा असं सगळे म्हणतात. काही मिळू शकतं का? (वाडी)

उत्तर : मिळू शकतं, आणि केस केलीच पाहिजे. गाडी सापडली नाही तरी मोटार वाहन कायद्यात कलम १६१ आहे, पळून गेलेल्या गाडीनं केलेल्या अपघातासाठी. १ एप्रिल २०२२ पासून त्यात गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाला तर वारसांना २ लाख रुपये मिळतात, आधी हे फार कमी होतं. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापतच आहे, त्यामुळं वडील यात बसतात. त्यासाठी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवलेला पाहिजे, अज्ञात वाहनाविरुद्ध म्हणून नोंदवतात, आणि दवाखान्याचे सगळे कागद, एक्स-रे, बिलं, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा. ठाण्यात "नंबर आणा मग लिहितो" म्हणाले तर ऐकू नका, नंबर शोधणं त्यांचं काम आहे, त्या रस्त्यावर पेट्रोल पंप, दुकानं, ढाबे असतील तर त्यांच्या कॅमेऱ्याचं फुटेज लवकर बघायला सांगा, कारण काही दिवसांनी ते पुसलं जातं.

पुढं गाडी सापडली तर मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वेगळा दावा करता येतो. हे फार लोकांना माहीत नसतं की सायकलवाल्याचा स्वतःचा काही विमा नसला तरी गाडीचा जो थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो तो नेमका अशाच माणसासाठी असतो, सायकलवाला, पायी जाणारा, हेच ते थर्ड पार्टी. दाव्याला कायद्यात ६ महिन्यांची मुदत घातलीय तेव्हा उशीर करू नका. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, उत्पन्न कमी असेल तर तिथं वकील फुकट मिळतो.

बाकीच्या वाचकांसाठी पण लिहून ठेवते, असं डोळ्यांसमोर घडलं तर १०८ ला ॲम्ब्युलन्स आणि ११२ ला पोलीस. मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, कलम १३४ अ मध्ये ते संरक्षण आहे, त्यामुळं घाबरून बाजूला उभे राहू नका. २०२५ पासून केंद्राची योजना आहे, रस्त्यावर गाडीमुळं अपघात झाला तर नेमून दिलेल्या दवाखान्यांत पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंतचा उपचार पैसे न भरता होतो. दवाखान्यात पोचल्यावर आधी ह्या योजनेचं विचारा, नाहीतर नातेवाईक आधी सोनं गहाण ठेवायला पळतात. आणि गाडीचा नंबर, रंग, काय गाडी होती, जे दिसलं ते लगेच मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा. तुमच्या वडिलांचा पाय लवकर बरा होवो, कागद गोळा करताना कुठं अडलं तर परत लिहा.

प्रश्न : हे सगळं सायकलवाल्यानंच करायचं का? पोलीस आणि मनपानं काय करावं असं तुम्हाला वाटतं? (सक्करदरा)

उत्तर : सायकलवाल्यानं करायचं ते फार थोडं आहे, जास्तीचं काम मागून येणाऱ्याचं आणि रस्ता बनवणाऱ्याचंच आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारनं इंडिया सायकल्स फॉर चेंज चॅलेंज काढलं होतं, म्हणजे शहरं सायकलला सोयीची करायची स्पर्धा, नागपूरही त्यात होतं, रस्त्यावर सायकलसाठी लेन रंगवण्याचं तेव्हा सगळीकडं बोललं गेलं. पण नुसत्या रंगाच्या पट्ट्यावर कार पार्क होते, आणि मग सायकलवाल्याला पट्टा सोडून ट्रॅफिकमध्ये शिरावं लागतं, ते तर आधीपेक्षा वाईट. पट्टा करायचाच तर मधात उंचवटा किंवा खांब पाहिजे. नाहीतर आधी गट्टू आणि स्लॅबची लेव्हल एक करा, चेंबर वर आणा, मला विचाराल तर तेवढ्यानंच सायकलवाल्यांना कडेची जागा परत मिळेल, आणि त्याला फार मोठा प्रोजेक्ट लागत नाही.

पोलिसांसाठी एक चांगलं उदाहरण आहे. इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी २०१६ मध्ये साध्या कपड्यातले पोलीस सायकलवर पाठवायला सुरुवात केली. कोणी जवळून कट मारला की तो पोलीस पुढच्या सहकाऱ्याला वायरलेसवर नंबर सांगायचा, पुढं गाडी थांबवायचे आणि रस्त्याच्या कडेला एक मोठी चटई अंथरून त्यावर ड्रायव्हरला दाखवायचे की सायकल इथं, तुझी गाडी इथं पाहिजे होती. साधी चूक असेल तर समजावून सोडायचे, फारच वाईट असेल तर केस. पुढं बाकीच्या पोलीस दलांनी पण ते घेतलं. आपल्याकडं ह्याला दोन शिपाई, दोन सायकली आणि खडूनं आखलेली साडेतीन मीटरची लेन पुरेल, वर्धा रोड किंवा अमरावती रोडवर आठवड्यातून एक सकाळ. सिटी बसच्या ड्रायव्हरांचं ट्रेनिंग असतं तिथं त्यांनाच एकदा सायकलवर बसवून बाजूनं बस न्यावी, कागदावर शिकवण्यापेक्षा ते लवकर समजेल.

तोपर्यंत तुम्ही एक करा. कट मारणाऱ्याचा नंबर, जागा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा, व्हिडिओ असेल तर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर टाका. तुमच्या भागात रोज सायकलनं जाणारे चार-पाच जण मिळाले तर सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून वाहतूक शाखेच्या उपायुक्तांच्या नावानं एकच पत्र द्या, त्यात कोणत्या चौकापासून कोणत्या चौकापर्यंत आणि किती वाजता त्रास होतो ते स्पष्ट लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि पत्राची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.